सायकलिंगच्या जुन्या रेन जॅकेटवरून आता पाणी घरंगळत नाही, कापड भिजून जड होतं. ते पुन्हा पूर्ववत करता येईल का?

हो, येईल, पण पाणी झटकणारा स्प्रे विकत आणण्याआधी जॅकेट धुऊन त्याला ऊब द्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. बाहेरच्या कापडावर डीडब्ल्यूआर नावाचा, पाणी झटकणारा पातळ लेप असतो. घाम, धूळ आणि डिटर्जंटचा अंश साचला की तो निकामी होतो, उष्णतेने पुन्हा कामाला लागतो. निकवॅक्स टेक वॉशसारख्या, रेन जॅकेटसाठीच्या धुण्याच्या द्रवात धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. नीट खळबळून वाळवा, मग ड्रायरमध्ये कोमट तापमानाला २० मिनिटं फिरवा. गोअर-टेक्स या जलरोधक कापडाच्या निगेच्या सूचनाही हेच सांगतात. ड्रायर नसेल तर वर सुती कापड टाकून मंद इस्त्री, वाफ बंद ठेवून. (आधी लेबल बघाच, काही जॅकेटांना इस्त्री चालत नाही.) आता बाहीवर चमचाभर पाणी टाका. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब घरंगळले तर झालं काम. पसरले तर टीएक्स डायरेक्टसारखा स्प्रे ओल्या जॅकेटवर मारा. सॅकच्या पट्ट्यांखाली खांदे आधी झिजतात, तिथे जरा सढळ हाताने. आत जाळीचं अस्तर असेल तर स्प्रेऐवजी धुण्याच्या पाण्यात मिसळायचा लेपाचा प्रकार टाळा, अस्तरही घाम शोषेनासं होतं. मात्र आतला थर सोलून पापुद्रे पडत असतील, तर यातलं काहीच उपयोगी नाही.