कॅसेट, कळफलक आणि वायफाय : वाचकांच्या शंका

प्रश्न : वडिलांनी गावातली कीर्तनं वर्षानुवर्षं टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली आहेत. साठेक कॅसेट आहेत. ऑनलाइन दुकानात वॉकमनएवढं 'कॅसेट टू एमपी३' यंत्र स्वस्तात दिसतं. ते घ्यावं का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घेऊ नका. त्यातली मोटर आणि चाकं इतकी हलकी असतात की टेप एका वेगानं सरकत नाही आणि पेटीचा लांबवलेला सूर थरथरतो. ही थरथर नंतर सॉफ्टवेअरनं धडपणे निघत नाही. त्यापेक्षा मागे 'लाइन आउट' (आवाज बाहेर न्यायचं छिद्र) असलेला जुना कॅसेट डेक शोधा आणि रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्याकडून त्याचा रबरी पट्टा बदलून घ्या. इतक्या वर्षांत पट्टा सैल पडलेला असतोच, त्यामुळे बुवांचा आवाज जड आणि संथ येतो.

कॅसेट लावण्याआधी ती उजेडात धरून खिडकीतून टेपची कड बघा. कोकणच्या हवेत तिथे पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशा कॅसेट वेगळ्या काढा. एक जरी लावली तरी बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. स्वच्छ कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या जिभा मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही भरलं जाणार नाही. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळवा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे त्यानं मोकळे होतात. हेड आणि टेप ओढणारा रबरी रोलर दर चार-पाच कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. काडीवर तपकिरी डाग आला तर तो टेपवरचा लेपच असतो.

आता सगळ्यांत दुर्लक्षित राहणारं काम. हेडच्या दोन बाजूंना दोन बारीक स्क्रू असतात. त्यातल्या स्प्रिंग असलेल्या स्क्रूनं हेडचा कल बदलतो. ज्या टेपरेकॉर्डरवर कीर्तन भरलं त्याचा कल आणि तुमच्या डेकचा कल एक नसला, की आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा येतो. टेप चालू ठेवून, हेडफोन लावून हा स्क्रू अगदी अलगद, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, मागेपुढे फिरवा. 'श', 'स' आणि झांजेचा किणकिणाट जिथे सर्वांत लख्ख ऐकू येतो तिथे थांबा. हे दर कॅसेटला करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण निम्मा फरक इथेच पडतो.

लॅपटॉपवरच्या एकुलत्या एका छिद्रातून आवाज आत घ्यायची सोय बहुधा फक्त माइकची असते. माइकचा सिग्नल क्षीण, डेकचा त्याच्या कितीतरी पट मोठा. तो माइकच्या छिद्रात सोडला की आवाज फाटतो. म्हणून 'लाइन इन' असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. पाकिटावर 'लाइन इन' असं स्पष्ट छापलेलं हवं, कारण स्वस्त कार्डांवर बहुतेक फक्त माइकचीच सोय असते. विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. ते बोलण्यासाठी केलेलं असतं. एकसारखा चालू असलेला आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं ते धरून चालतं, त्यामुळे तंबोरा आणि पेटीचा सूर गिळून टाकतं.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात सेटिंग ठेवा ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. पातळी ठरवताना निरूपणाकडे बघू नका, गजराकडे बघा. गजरात टाळ आणि झांजा एकदम उसळतात, तेव्हाही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. आवाज हळू भरला तर नंतर वाढवता येतो, माथा कापला गेला तर तो गेलाच. ९० मिनिटांची कॅसेट स्टीरिओ वेव्हमध्ये साधारण ९५० एमबी होते. तीच फ्लॅक स्वरूपात ठेवली तर जागा निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजात काहीही कमी होत नाही.

ही मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवा. सफाई करायची ती प्रतीवर. खरखर काढताना 'नॉइज रिडक्शन'ला नमुना द्यावा लागतो. तो कीर्तन सुरू होण्याआधीच्या, नुसती टेप फिरत असलेल्या दोन-तीन सेकंदांचा द्या. मागे पेटी वाजत असेल तर पेटीच खरखर समजली जाईल. ६ ते ९ डेसिबल कपात बस झाली. मोह होऊन २० केलीत तर बुवा पाण्याच्या टाकीत उभे राहून बोलतायत असं वाटेल. नातेवाइकांना पाठवायला मोनो एमपी३ करा, ६४ केबीपीएसला ९० मिनिटं साधारण ४३ एमबीत बसतात. मूळ फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवा. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, साठवणुकीला नाही.

प्रश्न : आमच्याकडे रोज वीज जाते. पॉवर बँकेवर वायफाय राउटर चालेल का? आणि १०,००० एमएएच म्हणजे नेमके किती तास? – एक वाचक, वाशीम

उत्तर : चालेल, पण रडतखडत. पॉवर बँक ५ व्होल्ट देते, राउटर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारी केबल लागते. शिवाय वीज जाण्या-येण्याच्या क्षणी बऱ्याच पॉवर बँका निमिषभर बंद पडतात, राउटर पुन्हा सुरू होतो आणि तुमची मीटिंग तुटते. राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तोच घ्या.

घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरची अक्षरं वाचा. समजा '१२ व्होल्ट, १.५ अँपिअर' आहे. यूपीएस बरोबर १२ व्होल्टचाच हवा, अँपिअर दीड किंवा जास्त चालतील. पिनचं चिन्हही जुळवा, बहुतेक मध्ये अधिक असतो. फसगत होते ती पिनेत. बाहेरून सगळ्या ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.५ ची पिन २.१ च्या जागी बसते, पण सैल. मग टेबलाला धक्का लागला की नेट जातं आणि दोष यूपीएसच्या माथी येतो.

आता तास. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, आणि १० गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-तास. १२ व्होल्ट करताना पाचवा हिस्सा वाया गेला असं धरा, उरले साधारण ३०. अडॅप्टरवरच्या आकड्यांतून १८ वॅट (१२ गुणिले १.५) निघत असले तरी ती कमाल मर्यादा, घरगुती राउटर प्रत्यक्षात ८ वॅटच्या आसपास खातो. म्हणजे पावणेचार तास. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, ती यातच धरा. आणि दोन्ही चालू असून डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला, तर प्रकाश पलीकडूनच येत नाही. तिथे तुमचा यूपीएस काय करणार?

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. मराठी शब्दांसाठी भरवशाची संकेतस्थळं सांगाल का? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : शिकागो विद्यापीठाचं 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया'. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही तिथे फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्द 'नाहीच' असं वाटण्याचं नेहमीचं कारण लेखन. तिथे नपुंसकलिंगी शब्द जुन्या पद्धतीनं अनुस्वारासह आहेत. 'डोके' किंवा 'डोकं' नव्हे, 'डोकें' टाका. सरकारी आणि शास्त्रीय परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश एकत्र शोधता येतात. त्यातले काही शब्द कागदावरच जन्मले आणि कागदावरच राहिले, पण अधिकृत पत्रव्यवहारात तेच चालतात. मराठी विश्वकोश सगळा ऑनलाइन आहे, मात्र पहिला खंड १९७६ चा आहे हे लक्षात ठेवून त्यातली लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे उचलू नका.

प्रश्न : मंडळाच्या स्मरणिकांच्या जुन्या फायली श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. नव्या संगणकावर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणल्या तरी शोधताना काही शब्द सापडत नाहीत. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खिचडीच मूळ आहे. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच. आत इंग्रजी अक्षरं होती आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवत होता. फॉन्ट गेला, सोंग उतरलं. म्हणून फाइल नेमक्या कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते आधी बघा आणि त्याच फॉन्टचा कनव्हर्टर वापरा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आधी एकच पान करून तपासा.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. कनव्हर्टरला ती उचलून पुढे न्यावी लागते आणि जोडाक्षर किंवा रफार आला की तो गडबडतो. 'मार्मिक', 'स्थिती', 'आर्थिक' हे शब्द आधी बघा. मग अर्धा र. 'आचाऱ्यांना जेवण दिलं'चं 'आचार्यांना जेवण दिलं' झालं तर स्वयंपाक्याऐवजी गुरुजी जेवून जातील. मजकुरातले खरे इंग्रजी शब्दही कनव्हर्टर मराठी समजून भरडतो, ते हातानं दुरुस्त करावे लागतात.

शब्द न सापडण्याचं कारण बहुधा 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक 'अ' टाइप करून त्यावर चंद्र द्यायचे. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. एका लेखात जुना आणि दुसऱ्यात नवा असेल, तर 'ॲसिड' शोधल्यावर निम्मीच सापडतात. 'शोधा आणि बदला'त एका खिडकीत जुनी जोडी, दुसरीत नवं अक्षर टाकून सगळीकडे एकदाच बदल करा.

नवा मजकूर करणाऱ्यांना आमचा आग्रह इन्स्क्रिप्ट कळफलकाचाच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'डी'च्या कळीवर पाय मोडायचा, शिफ्ट आणि 'एन'वर ळ, शिफ्ट आणि 'जे'वर ऱ. पहिले आठ दिवस हात अडखळतो, पुढे इंग्रजी स्पेलिंगचा विचार करत मराठी लिहिण्याची दगदग संपते.

प्रश्न : इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेली जुनी मराठी पुस्तकं सहा इंची किंडलवर वाचता येत नाहीत, अक्षर मुंगीएवढं दिसतं. काही सेटिंग आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोष सेटिंगचा नाही, मापाचा आहे. सहा इंची पडदा साधारण ९ बाय १२ सेंटिमीटर. डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान १४ बाय २१.५. अख्खं पान पडद्यात मावायचं तर १२ पॉइंटचं अक्षर ७ च्या आसपास येतं. आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, त्यात अक्षर मोठं करण्याची सोयच नसते. संगणकावर चारही बाजूंचा समास कापून घ्या आणि किंडल आडवं धरा. मजकुराची ओळ सुमारे साडेदहा सेंटिमीटरची असते, ती १२ सेंटिमीटरच्या रुंदीत ऐसपैस बसते. एक पान दोन टप्प्यांत वाचावं लागेल, इतकंच.

एखाद-दुसरं आवडतं पुस्तक असेल तर ओसीआरही, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करता येईल. पानांच्या प्रतिमा गूगल ड्राइव्हवर चढवा, फाइलवर उजवी टिचकी मारून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी ओळखली जाते. फाइल २ एमबीपेक्षा मोठी नको, म्हणून दहा-दहा पानांचे तुकडे करा. जुन्या छपाईत ध-घ, भ-म यांची अदलाबदल होते आणि पुसट अनुस्वार गळतात. एका पानाच्या तपासणीला पाच-सात मिनिटं धरा. दोनशे पानांना हे गणित परवडणार नसेल, तर दहा इंची टॅबलेट बरा.