चाराटंचाईवर पशुपालक, डेअरी, चारा पिकवणारे आणि डॉक्टर यांना एकत्र कसं आणायचं?

आधी सगळ्यांना बसवून महिन्यावार चाऱ्याचा हिशोब मांडा, किती हिरवा, किती सुका, कधी कमी पडतो, कारण आकडा समोर नसला की सगळे एकमेकांना दोष देत बसतात. दुधाळ गायीला रोज वजनाच्या साधारण 3 टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे चाऱ्यातलं पाणी सोडून उरलेला भाग, लागतो, म्हणजे 400 किलोच्या गायीला 12 किलो, त्यावरून तूट लगेच निघते. आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेचं 'फीस्ट' हे चाऱ्याची स्थिती तपासायचं साधनही असंच पशुपालकांच्या गटचर्चेतून चालतं. मग दाणा चिकात असताना मका कापून मुरघास (हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा) कोण करणार, विकत कोण घेणार, पैसे कधी देणार हे तिथेच ठरवा. फक्त एक, रोज विळा घेऊन चारा आणणाऱ्या बायका आणि भूमिहीन पशुपालक बैठकीत नसतील तर हिशोब चुकतोच.