ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) मला बहिष्कृत केल्यावर आई बोलेनाशी झाली आहे. नातं कसं टिकवू? कायद्याचा उपयोग होतो का?

होतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. तो फक्त जातपंचायतींसाठी आहे असं समजू नका.

आमच्या वेळी तो नव्हता. 2004 मध्ये बाबांनी वार्षिक सभेत देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, जागेच्या भाड्याचा हिशेब मागितला. पंचांनी ‘मंडळीत फूट पाडली’ म्हणून त्यांचं नाव काढलं. पुरोहितांनी वेदोक्त विधी नाकारले म्हणून शाहू महाराजांनी 1920 मध्ये स्वतःचा धर्मगुरू, क्षात्रजगद्गुरू, नेमला, त्या कोल्हापुरात हे! पुढच्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, बाबा नेहमीच्या बाकावर बसले. द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक त्यांच्यापुढून तसंच मागच्या बाकावर गेलं. तबक धरणारा माझा सख्खा काका.

तीन महिन्यांनी आजी गेली. मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. शवपेटी उचलायला मी आणि बाबा, दोघंच. शेवटी पेठेतल्या तालमीची पोरं आली, हौद्यातली लाल माती अंगावर तशीच. आमचे विधी त्यांना ठाऊक नव्हते. चपला काढून कबरीपाशी उभी राहिली. पाळक नव्हते, म्हणून बायबलातलं 23 वं स्तोत्र बाबांनीच वाचलं. काका, आजीचा धाकटा मुलगा, फाटकाबाहेर उभा होता. आत आला नाही.

काका आजही बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय काढतात: मंडळीचं न ऐकणाऱ्याला जकातदारासारखा, म्हणजे वाळीत टाकलेला, समज. अहो, ज्याच्या नावाचं ते शुभवर्तमान, तो मत्तयच जकातदार! प्रभू जकातदारांच्या पंगतीला बसला, हे नवव्या अध्यायात आहे. आणि प्रेषित पौल 2 थेस्सलनीकाकरांस या पत्रात, 3:15 मध्ये सांगतो, त्याला शत्रू मानू नका, भाऊ समजून बोध करा. काकांच्याच हातातल्या शास्त्रात हे आहे. माझा देवावरचा विश्वास तसाच आहे. पंचांवरचा त्या दिवशी कबरस्तानात गेला.

तुम्ही आईला दर रविवारी फोन करा. उचलला नाही तरी करा.

एक राहिलं. तक्रार बहिष्कार घालणाऱ्या पंच-पाळकांवर होते. आईनं तुमच्याशी बोलावं, असा हुकूम कुठलंच कोर्ट देणार नाही. सभेत वाचलेलं पत्र, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवा. आणि आई जेवायला बोलावील त्या दिवशी पंचांचा विषय काढू नका. मी काकांपुढं काढला होता. ते भरल्या ताटावरून उठले.