हिवाळ्यात व्हेनिसला जाताय?

जानेवारीत जाताय ते उत्तमच. कार्निव्हलच्या आधीचे ते आठवडे मला सगळ्यात आवडतात: गर्दी ओसरलेली असते, हॉटेलंही परवडतात.

पाणी चढण्याची भीती मात्र डोक्यातून काढा. २०२० पासून भरतीचा अंदाज साधारण ११० सेंटिमीटरच्या वर गेला, की खाजणाच्या तोंडाशी असलेले मोझे प्रकल्पाचे दरवाजे उभे करतात. पण सेंट मार्क चौक शहरातला अगदी सखल भाग. तिथे त्याहून कमी भरतीलाही फरशीतल्या जाळ्यांमधून पाणी बुडबुडत वर येतं. म्हणून रोज सकाळी भरतीचा अंदाज बघूनच बाहेर पडा आणि पाणी आत न शिरणारे बूट घाला. थंडी दमट असते, पार हाडांत शिरते, थर्मल हवेतच.

सामान कमीत कमी! पुलापुलावर पायऱ्या, मोठी बॅग ओढताना जीव मेटाकुटीला येतो. हॉटेल व्हापोरेत्तोच्या, म्हणजे बोटबसच्या, थांब्याजवळच घ्या.

रिआल्तोचा मासळीबाजार चुकवू नका. सकाळी लवकर गेलात तर काळ्या शाईने माखलेली माकुलं बर्फावर मांडलेली दिसतील. रविवार-सोमवारी तो बंद असतो, तेव्हा बेत मंगळवार ते शनिवारचा ठेवा.