पहिल्याच नोकरीत समुपदेशन करणारीला

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालीस, तर ओळख तेवढीच सांग. लोक 'डॉक्टरीणबाई' म्हणतील. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, हे तिथेच स्पष्ट कर. माहेर कुठलं, लग्न झालंय का, हे बायका विचारणारच (नाही विचारलं तरच नवल). एका वाक्यात उत्तर दे. 'माझ्याही घरी असंच होतं' मात्र नको. मग समोरची बाईच तुला धीर देत बसते. सगळं गुप्त राहील अशी सरसकट हमी देऊ नकोस. मुलावरचा किंवा मुलीवरचा लैंगिक अत्याचार कळला, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो पोलिसांना कळवावाच लागतो, हे आधी सांग. मारहाणीच्या प्रकरणात नवऱ्याला बोलावून समजूत घालायची घाई करू नकोस. ती आज रात्री कुठे झोपणार ते विचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून दे, पण ती चिठ्ठी घरी सापडली तर चालेल ना, हेही विचारून घे.