सामाईक दिंडी दरवाजा आणि एका घराची दुरुस्ती

प्रश्न : सोलापुरात दक्षिण कसब्यात आमचा जुना वाडा आहे. आजोबा १९८९ मध्ये वारले. त्यानंतर वडील आणि काका यांनी तोंडी वाटणी केली. पुढचा भाग आमच्याकडे आणि मागचा काकांकडे आहे, दोघी आत्या लग्न होऊन परगावी आहेत. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेल्याने पावसाचे पाणी देवडीत (दरवाजाच्या आतल्या जागेत) शिरते आणि चाकाच्या खुर्चीवरच्या आईला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून दरवाजा दोन फूट रुंद करून, जोते उचलून, बाहेर सिमेंटचा रॅम्प करण्याचे ठरवले आहे. जुनी सागवानी चौकट घेण्यास एक व्यापारी तयार आहे. पुण्यातील चुलतभावाने मात्र ‘सामाईक दरवाजाला हात लावू नये’ अशी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. पुढचा भाग आमचा असताना तो आम्हाला अडवू शकतो का?

उत्तर : आपल्या आईची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय निघालाच पाहिजे. परंतु आपण आखलेले काम आहे त्या स्वरूपात सुरू केल्यास न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवणे चुलतभावाला कठीण जाणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो.

तोंडी वाटणी कायद्याने अमान्य नाही. ती झाली होती हे प्रत्यक्ष ताबा, स्वतंत्र घरपट्टी, वीजमीटर आणि इतक्या वर्षांची वहिवाट यांवरून शाबीत करता येते. प्रश्न असा आहे की त्या वाटणीत दरवाजा कोणाकडे गेला? जुन्या वाड्यांच्या वाटणीत खोल्या वाटल्या जातात आणि दिंडी दरवाजा, देवडी, चौक, विहीर व बोळ सामाईक ठेवले जातात, अशीच सर्वसाधारण रीत आहे. मागच्या भागाला दुसरी वाट नसेल, तर काकांच्या कुटुंबाचा या दरवाजावरील हक्क नाकारणे आपल्याला जवळपास अशक्य होईल. सामाईक भागाची आवश्यक दुरुस्ती कोणताही सहमालक करू शकतो. कुजलेली फळी बदलणे, बिजागऱ्या नव्या बसवणे, गिलावा करणे यांसाठी कोणाच्या पाया पडावे लागत नाही. मात्र त्या भागाचे स्वरूपच बदलायचे असेल, तर इतर सहमालकांची संमती लागते.

येथे आपल्या पत्रात केवळ ओझरता उल्लेख झालेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे आपल्या आत्यांचा. आजोबा १९८९ मध्ये, म्हणजे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू असताना वारले. त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर मुलांच्या बरोबरीने मुलीही प्रथम वर्गातील वारस ठरतात. दोन भावांनी आपसांत वाटणी केली आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर बहिणींची नावे लागली नाहीत, एवढ्याने त्यांचा हक्क आपोआप संपत नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेले नसेल, तर संमतीपत्रावर दोघी आत्यांच्याही सह्या घ्याव्यात. केवळ चुलतभावाची समजूत काढून काम सुरू केले आणि उद्या वाटपाचा दावा आला, तर आज केलेला खर्चही वादात सापडेल.

सागवानी चौकट कृपा करून विकू नका. ती सर्व सहमालकांच्या मालकीची वस्तू आहे, आणि दुरुस्तीवरून सुरू झालेला वाद विक्रीमुळे अपहाराच्या तक्रारीपर्यंत जाण्याचा धोका आहे. ती काढावीच लागली, तर सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन, पंचांसमक्ष यादी करून, वाड्यातच जपून ठेवावी.

आता महानगरपालिकेकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार इमारतीच्या आतील किंवा तिच्या बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणाऱ्या दुरुस्तीला विकास परवानगी लागत नाही. आहे त्या मापाचा दरवाजा आहे त्याच जागी बदलणे या सवलतीत बसू शकते. दर्शनी भिंत तोडून दरवाजा दोन फुटांनी वाढवणे मात्र बसणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५४ नुसारही बाहेरची भिंत किंवा छताचा भार पेलणारी भिंत काढावयाची अथवा बदलावयाची असल्यास आयुक्तांना पूर्वसूचना द्यावी लागते. दगड-मातीच्या भिंतीत दरवाजावरची तुळई वरच्या मजल्याचा भार घेत असते, त्यामुळे परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा व भाराची तपासणी करून घेणे कायद्याइतकेच आपल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

सर्वांत कच्चा दुवा रॅम्पचा आहे. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (सिटी सर्व्हेचा उतारा) आणि नकाशा काढून आपली हद्द कोठे संपते ते प्रथम पाहावे; पेठांमधील कित्येक वाड्यांची हद्द भिंतीशीच संपते आणि ओटा व पायऱ्या गटारावर, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर असतात. तसे असेल तर तेथे सिमेंटचा रॅम्प बांधणे हे अतिक्रमण ठरेल, आणि ते आईसाठी केले आहे हे कारण अतिक्रमण विभागापुढे टिकणार नाही. जुना ओटा पाडून नवा बांधण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण जुन्या बांधकामाच्या बाजूने मांडता येण्यासारखे जे काही असते, ते आपणच पाडून टाकल्यावर शिल्लक राहत नाही.

माझ्या मते आपली गरज याहून लहान कामात भागू शकते. दरवाजाची रुंदी न वाढवता फक्त उंबरा काढता-घालता येईल असा करावा, देवडीच्या आत, वाड्याच्या हद्दीत, शहाबादी फरशीचा उतार द्यावा आणि रस्त्याच्या बाजूला ये-जा करतेवेळी टाकून लगेच उचलता येईल अशी लोखंडी पट्टी वापरावी. पाण्यासाठी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला जाळीची आडवी नाली करून ती गटाराला जोडता येईल. मात्र ते पाणी काकांच्या भागाकडे वळणार नाही याची खात्री करावी, अन्यथा तक्रारीला नवे कारण मिळेल. खुर्ची आहे त्या चौकटीतून जात असेल तर दरवाजा मोठा करण्याचा आग्रह धरू नये. चौकट तीन फुटांची असली तरी साधारण खुर्ची तिच्यातून जाते, तेव्हा आधी खुर्ची आणि चौकट दोन्ही प्रत्यक्ष मोजून पाहावीत.

नोटिशीला उत्तर देण्याचे टाळू नका. त्यात दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर पाठवावे; वाटणी झाल्याचे आपले म्हणणे, आईच्या प्रकृतीची वैद्यकीय कागदपत्रे आणि सुधारित कामाचा कच्चा नकाशा त्यास जोडावा, आणि काम सुरू असताना मागच्या भागाची ये-जा बंद होणार नाही अशी लेखी हमी द्यावी. त्याच दिवशी सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करून ठेवावे, म्हणजे चुलतभावाने दावा लावून तातडीचा मनाई हुकूम मागितल्यास आपले म्हणणे ऐकून घेण्याआधी आदेश होण्याची शक्यता उरणार नाही. कॅव्हेट ९० दिवसच चालते. तोवर संमतीपत्र झाले नाही, तर ते मुदत संपण्यापूर्वी पुन्हा दाखल करावे.