माझ्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर खेळाडू डोनेशन देतात, महिन्याला १५-२० हजार येतात. मी अकरावीत आहे. यावर टॅक्स लागतो का? पैसे पप्पांच्या खात्यात घेतले तर चालेल का?

टॅक्सचं आधी सांगून टाकते. महिन्याला २० हजार धरले तरी वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. तुझं दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर एक रुपयाही आयकर लागत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६पासून ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे तो शून्य होतो. फक्त ४ लाखांच्या वर गेलास की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं.

आता दुसरा प्रश्न, पप्पांच्या खात्याचा. नको. कोणाच्याच खात्यात नको. आमच्या घरी हे झालेलं आहे आणि त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी इंदूरला असते. सीतलामाता बाजारातल्या साडीवाल्यांची आणि आसपासच्या छोट्या दुकानदारांची जीएसटी आणि आयकर रिटर्न भरून देते. मी सीए नाही, पण हेच काम रोजचं आहे. मुलाने दहावीत असताना असाच सर्व्हर, म्हणजे मुलांना ऑनलाइन एकत्र खेळता येईल अशी जागा, सुरू केला. मशीन भाड्याची, प्लगइन, म्हणजे खेळात नव्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्राम, मात्र त्याने स्वतः बसवलेले, काही स्वतः लिहिलेले. रात्री जेवण झालं की नागपूर, पुणे, भोपाळची मुलं जमायची. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. दहावीच्या वर्षी हे कशाला असं सगळे नातेवाईक म्हणत होते, तेव्हा मी त्याच्या बाजूने उभी राहिले.

पैसे यायला लागले तेव्हा मी म्हटलं, त्याच्या नावाने खातं उघडू, पॅन काढू. अल्पवयीन मुलाचा पॅन निघतो, पालकाची सही लागते. भावजी, म्हणजे माझे दीर, कॉलेजात कॉमर्स शिकवतात, त्यामुळे घरात पैशाच्या गोष्टीत त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगाच कागद वाढवता. हे डोनेशन आहे, डोनेशनवर कसला टॅक्स? आणि तरी भीती वाटत असेल तर आप्पांच्या खात्यात घ्या. त्यांचं उत्पन्न लिमिटच्या आत आहे, कोण विचारतंय?" आप्पा माझे सासरे, वीज मंडळातून निवृत्त. त्यांच्या पेन्शनच्या खात्याचा क्यूआर काढून मुलाने सर्व्हरच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या चॅट ग्रुपवर, लावला. मी विरोध केला, पण घरात मी एकटी पडले.

आप्पांना महिन्याच्या महिन्याला पासबुक छापून आणायची सवय. ते पासबुक मी जपून ठेवलं आहे. वर पेन्शनची नोंद, खाली औषधाच्या दुकानाची, आणि मध्ये ओळीने ४९, ९९, १९९ रुपयांच्या जमा. यूपीआय करताना खेळातलं काय हवं ते मुलांनी टिपेत लिहिलं, तेही समोर छापून आलेलं: 'व्हीआयपी १ महिना', 'फ्लाय', 'डायमंड किट', 'भैया जल्दी देना'. ही ओळ मी भावजींना बोट ठेवून दाखवली होती. दान देणारा माणूस 'जल्दी देना' असं लिहीत नाही. पैसे दिले, त्याबदल्यात रँक, म्हणजे खेळातला खास दर्जा, मिळाली, ही विक्रीच झाली. तुझ्याकडे पैसे देणाऱ्याला काहीही मिळत असेल, रंगीत नाव असो, किट असो, वेगळी खोली असो, तर ते तुझं धंद्याचं उत्पन्न आहे. पानावर 'डोनेट' लिहिल्याने त्यात काही बदलत नाही.

मग एक दिवस आप्पा औषधं घ्यायला गेले आणि पैसे जाईनात. बँकेत गेलो तर कळलं, खात्यावर होल्ड. दुसऱ्या राज्यातल्या एका मुलाने आईच्या मोबाईलवरून थोडे थोडे करत सर्व्हरवर २,४०० रुपये खर्च केले होते. आईने हिशेब पाहिला, समोर अनोळखी म्हाताऱ्या माणसाचं नाव, तिने सायबर फसवणूक समजून १९३० या तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तक्रार झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याला रोक लागते, ही पद्धत आहे आणि खऱ्या फसवणुकीत ती उपयोगी पडते. पण आमच्या बँकेने २,४०० रुपये अडवण्याऐवजी आप्पांचं सबंध खातंच बंद केलं. त्यात त्यांची पेन्शन. काउंटरवरचा माणूस सांगत होता, "माताजी, वहाँ के थाने से एनओसी लाइए." कुठलं राज्य, कुठला थाना! आप्पांना साखरेचा त्रास आहे, आणि ते काठी टेकत त्या बाकावर बसून होते, कारण खातेदार स्वतः हवा. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचे पैसे बुडवले नाहीत त्याला तिथे 'ये गेम का पैसा किसका है' असं विचारलं गेलं आणि त्यांना उत्तर देता येईना.

वादातल्या रकमेपुरतीच रोक लावा, सगळं खातं बंद करू नका, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणात सांगितलं होतं. तुझ्यावर वेळ आली तर बँकेला लेखी अर्ज दे आणि त्यात हा मुद्दा घाल. आमचं काम मात्र वेगळ्या मार्गाने झालं. डिस्कॉर्डवरून त्या मुलाला गाठलं, त्याच्या आईशी मी स्वतः बोलले, पैसे परत केले, तिने तिकडच्या पोलिसांना मिटल्याचं लिहून दिलं. भली बाई होती. तोपर्यंत आप्पांची औषधं माझ्या पैशांतून आली.

यातून कायद्याची गोष्ट नीट लक्षात घे. तुझे बरेचसे खेळाडू अठराच्या आतले असणार. १८७२च्या करार कायद्यात अल्पवयीनाला करार करताच येत नाही, आणि १९०३मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्द धरला. तेव्हा 'नो रिफंड' अशी पाटी लावून काही होत नाही. आईबापांनी परत मागितले तर देऊन टाक, लगेच, आणि देण्याची नोंद ठेव. तू स्वतःही अल्पवयीन आहेस, तेव्हा मित्राला पार्टनर करून कागद लिहायच्या भानगडीत पडू नकोस. १९३२च्या भागीदारी कायद्यात अल्पवयीनाला पूर्ण भागीदार होता येत नाही.

भावजींचा दुसरा मुद्दा होता ५० हजारांचा. 'एका माणसाकडून ५० हजारांपर्यंतची भेट करमुक्त' असं ते आजही सांगतात. साफ चूक आहे. नातेवाईक नसलेल्या सगळ्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज धरायची असते, आणि ती ५० हजारांच्या वर गेली की वरची रक्कम नाही, सगळीच रक्कम करपात्र होते. तेही खरोखरची भेट असेल तर. आणि ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, या सगळ्याशी काही संबंध नाही. एका खेळाडूच्या वडिलांनी आमच्याकडे ८०जीची पावती मागितली होती, कारण पानावर मोठ्या अक्षरांत 'डोनेशन' होतं. ती सवलत नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला त्या वेळी घरात कोणी पूर्ण बोलू दिलं नाही. अल्पवयीन मुलाचं उत्पन्न साधारणपणे आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. पण मुलाने स्वतःच्या कौशल्याने, ज्ञानाने कमावलं असेल तर ते त्याचंच उत्पन्न. १९६१च्या कायद्यात हे कलम ६४(१ए)मध्ये होतं. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व तेच राहिलं. म्हणजे माझ्या मुलाचे ते पैसे त्याच्या नावावर सरळ दाखवले असते तर ते सूट मर्यादेच्या कितीतरी खाली होते. ज्या टॅक्सपासून वाचायला आप्पांचं खातं वापरलं तो टॅक्स मुळात लागणारच नव्हता! आणि लागणार असता तरी खातं बदलून उत्पन्न आप्पांचं झालं नसतं. कमावतो कोण ते पाहतात, पैसे कुठल्या खात्यात पडले ते नाही. तुझ्या पप्पांना चांगला पगार असेल आणि त्यांच्या खात्यात दरमहा २० हजारांच्या फुटकळ जमा दिसल्या, तर उत्तर त्यांनाच द्यावं लागेल.

जीएसटी: सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, खेळाडू दुसऱ्या राज्यातले असले तरी. तू त्यापासून लांब आहेस. पण यूपीआयकडे कोणी बघत नाही असं समजू नकोस. जुलै २०२५मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा पाहून दूधवाले, भाजीवाले, छोटे दुकानदार यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. तेव्हा माझे साडीवालेही घाबरून फोन करत होते.

परदेशातले खेळाडू असतील तर 'डोनेशन' हा शब्द तर आजच काढ. परदेशातून आलेली देणगी म्हटलं की एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचा, प्रश्न उभा राहतो. सेवेच्या मोबदल्यात आलेले पैसे त्या कायद्यातून वगळलेले आहेत. पेपालवर परदेशी पैसे येतात, त्याला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आहेत ते सांगणारा कोड, द्यावा लागतो. भारतातल्या भारतात पेपाल १ एप्रिल २०२१पासून बंद आहे.

टॅक्सपेक्षा मोजांगच्या, म्हणजे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या, नियमांनी सर्व्हर बंद पडण्याची शक्यता जास्त आहे, आणि हे तू विचारलंच नाहीस. २०१४पासून त्यांचे कमाईचे नियम आहेत: सजावटीच्या वस्तू विका, प्रवेशाचे पैसे घ्या, पण पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करू नका. फ्लाय (उडण्याची मुभा) आणि डायमंड किट (तयार भारी सामान) सरळ त्याच्याविरुद्ध जातात. २०१६पासून ते नियम मोडणारे सर्व्हर ब्लॉकही करतात. माझ्या मुलाने किटं काढून टोप्या आणि पाळीव प्राणी ठेवले. जमा कमी झाली, भांडणंही कमी झाली.

आणि एन्ट्री फी घेऊन रोख बक्षिसाच्या मॅचेस ठेवत असशील तर बंद कर. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून पैसे जिंकायचा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खेळ कौशल्याचा आहे ही सबब त्यात चालत नाही. मान्यताप्राप्त, नोंदणी झालेल्या ई-स्पोर्ट्सना वेगळी वाट आहे, पण डिस्कॉर्डवरच्या शनिवारच्या मॅचला ती लागू नाही.

काही गोष्टी राहिल्या. कौशल्याचं उत्पन्न म्हणायला काम खरंच तुझं हवं. सर्व्हर पैसे देऊन दुसऱ्याकडून चालवून घेत असशील तर ते उत्पन्न पप्पांच्या किंवा आईच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. सर्व्हरचं भाडं, डोमेन, विकत घेतलेले प्लगइन यांची बिलं तुझ्या नावाने ठेव, तो खर्च वजा होतो. रकमा वाढल्या आणि रिटर्न भरायची वेळ आली तर अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, डिजिटल जमेच्या ६ टक्के नफा धरून, पण ते तुझ्या इथल्या सीएला विचारूनच कर. आणि तू अठराचा होईपर्यंत रिटर्नवर सही पालकांचीच लागेल.

पप्पांच्या खात्यात आत्तापर्यंत काही पैसे आले असतील तर त्यांची एक शीट कर: तारीख, रक्कम, खेळाडूचं नाव, काय दिलं. मग तेवढी रक्कम पप्पांकडून तुझ्या खात्यात एकदम घे आणि टिपेत 'सर्व्हरची जमा' लिही. खात्यासाठी अठरापर्यंत थांबायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये १० वर्षांवरच्या मुलांना स्वतंत्रपणे बचत खातं उघडू द्यायची मुभा बँकांना दिली आहे. यूपीआय मिळेल की नाही हे बँकेवर आहे, ते आधी विचार. सर्व्हरच्या पानावर 'डोनेट'च्या जागी 'रँक विकत घ्या' लिही, आणि त्याच्याच खाली 'अठराच्या आत असाल तर आईबाबांना विचारून पैसे द्या'. माझ्या मुलाच्या सर्व्हरवर ही ओळ आप्पांनी सांगितलेली आहे.